चियांग मायहून भाड्याच्या बाइकवर उत्तर थायलंड: दुकानाचा रिव्ह्यू आणि प्लॅनिंगची सगळी भानगड

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक स्टार कुठे कापला ते पुढे येईलच. दुकान चियांग मायमध्ये जुन्या शहराच्या खंदकाजवळ, थाफे गेटपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आहे, नवरा-बायको चालवतात, बाई काउंटरवर आणि नवरा मागे गॅरेजमध्ये, ११० सीसीच्या स्कूटरपासून पाचशेपर्यंत गाड्या. नाव टाकत नाहीये कारण थोडी तक्रारपण लिहायची आहे आणि धंदा घरगुती आहे, उगाच कशाला. तसंही तिथे अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे नावापेक्षा चांगलं दुकान ओळखायचं कसं हे कळलं तर जास्त उपयोग होईल.

आधी एक विषय मिटवून टाकू, कारण हा प्रश्न हमखास येतो, की आपलीच बाइक घेऊन का नाही गेलात. कागदावर मणिपूरमधलं मोरे, तिकडून म्यानमारमधलं तामू, मग थेट थायलंड असा रस्ता आहे, पण म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावापासून जे चाललंय ते बघता तो विषय डोक्यातून काढलेला बरा. जहाजाने किंवा विमानाने बाइक पाठवायची म्हटलं तर खर्च सोडाच, कस्टममधून गाडी सुटेपर्यंत अर्धी सुट्टी बंदरावर जाते, आणि वर थायलंडने २०१६ पासून परदेशी नंबरप्लेटच्या गाड्यांना आगाऊ परवानगीचा नियम लावलाय तो वेगळाच. वर्षभराची मोठी ट्रिप करणाऱ्यांना हे परवडतं. नोकरी सांभाळून जाणाऱ्याने सरळ तिथे जाऊन भाड्याने घ्यावी. तिकडे ट्रॅफिकपण आपल्यासारखाच डावीकडून चालतो हा केवढा मोठा फायदा आहे, पहिल्याच चौकात डोकं उलटं चालवायला लागत नाही.

आता दुकान. माझा विश्वास बसला तो भाव सांगायच्या आधीच. लाइनवर मेसेज टाकला (तिकडे व्हॉट्सअ‍ॅप फारसं कोणी वापरत नाही, लाइन अ‍ॅप टाकून घ्या), तर बाईंचं पहिलं उत्तर गाडीचा फोटो नाही, भाव नाही, डायरेक्ट "लायसन आणि इंटरनॅशनल परमिटचा फोटो पाठवा, बाइकच्या रकान्यावर शिक्का दिसला पाहिजे." त्याच संध्याकाळी आणखी दोन दुकानांना विचारलं होतं, दोघांनी फक्त तारीख विचारली आणि म्हणाले या, पासपोर्ट ठेवा, चावी घ्या. ऐकायला हे जाम सोपं वाटतं आणि नवखा माणूस तिकडेच जातो. पण परमिट नसताना अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाला हात वर करणार हे नक्की, आणि तेव्हा दुकानदार काही हॉस्पिटलचं बिल भरायला येणार नाही. त्यामुळे जे दुकान कागद मागून तुम्हाला वैताग देतं ते दुकान चांगलं, असा साधा हिशोब.

परमिटचं थोडक्यात. आपल्या आरटीओतून जे मिळतं ते १९४९ च्या जिनिव्हा करारातलं असतं, वर्षभर चालतं आणि थायलंडला ते मान्य आहे. मूळ लायसनवर गिअरच्या बाइकची नोंद असेल तरच परमिटमध्ये बाइकचा शिक्का मिळतो, फक्त कारचं लायसन असेल तर आधी ते काम करा. आणि हेच परमिट घेऊन पुढे व्हिएतनामलापण बाइक चालवू असं डोक्यात असेल तर थांबा, तिकडे १९६८ च्या कराराचं परमिट लागतं, आपलं चालत नाही. व्हिएतनामचे व्हिडिओ टाकणारे हे सांगतच नाहीत.

इन्शुरन्सवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीपण घालवा. भाड्याच्या गाडीवर तिकडचा सक्तीचा विमा असतो, त्याला पॉ रॉ बॉ म्हणतात, तो माणसाच्या दुखापतीपुरता आणि तोही जेमतेम, गाडीच्या नुकसानाचा त्याच्याशी संबंध नाही. बाईंनी हे स्वतःहून सांगितलं, बाकी दुकानं "फुल इन्शुरन्स" असं मोघम बोलून मोकळी होतात. आपला ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा, बऱ्याच पॉलिसींमध्ये एका ठराविक सीसीच्या वरची बाइक बाहेर काढलेली असते, कुठे १२५ ची रेघ, कुठे आणखी काही. आमच्या ग्रुपमधल्या एकाची पॉलिसी अशीच निघाली, त्याने ती रद्द करून दुसरी घेतली, हजार-दीड हजार रुपये जास्त गेले, पण पाचशे सीसी चालवायची तर ते गेलेच पाहिजेत.

पासपोर्ट. कोणत्याही दुकानात ओरिजिनल पासपोर्ट ठेवू नका, हे मी ठणकावून सांगतो. प्रत्येक हॉटेल चेक-इनला मागतं, सीमेजवळच्या रस्त्यांवर पोलीस आणि आर्मीचे नाके असतात तिथे मागतात, आणि भांडण झालं तर पासपोर्ट ज्याच्या हातात त्याचीच बाजू वरचढ. या दुकानात झेरॉक्स आणि रोख डिपॉझिट असा पर्याय होता, मोठ्या बाइकला वीस हजार बाथ. रक्कम मोठी वाटते पण पावती मिळाली, थाई आणि इंग्लिश दोन्हीत.

पावतीवरून आठवलं. गाडीच्या टॅक्सचं स्टिकर आणि पॉ रॉ बॉचा कागद चालू आहे का हे बघायचं असतं, पण त्यावर साल असतं २५६८ वगैरे, कारण तिकडे बौद्ध संवत चालतो. त्यातून ५४३ वजा करायचे म्हणजे आपलं साल येतं, २५६८ म्हणजे २०२५. आमच्या ग्रुपला आलेल्या एका गाडीचं स्टिकर ट्रिपच्या मधेच संपत होतं, बाईंना दाखवलं तर कुरकुर न करता दुसरी गाडी काढून दिली. दुसऱ्या कुठे हे कोणी बघितलंपण नसतं, आणि नाक्यावर दंड आपण भरला असता.

आता येतो खरा भाग, रूट. इथेच चार स्टार कमावले त्यांनी. आमचा प्लॅन घरी बसून मॅपवर आखलेला, रोज तीनशे-साडेतीनशे किलोमीटर, कारण ग्रुपमधला एकजण म्हणत होता की अरे आपण तर हायवेला पाचशे मारतो. बाईंच्या नवऱ्याने कागद बघितला, हसला नाही, पेन घेतलं आणि अर्ध्याहून जास्त खोडून टाकलं. कारणपण दिलं. चियांग माय ते पाई साधारण १३० किलोमीटर आणि त्यात ७६२ वळणं. पूर्ण मे हाँग सॉन लूप सहाशेच्या आसपास आणि वळणं १८६४, हा आकडा तिकडे इतका प्रसिद्ध आहे की मे हाँग सॉनमध्ये त्याचं सर्टिफिकेट विकत मिळतं. अशा रस्त्यावर दिवसाला दीडशे-पावणेदोनशे म्हणजे भरपूर, त्यात चहा, फोटो, धुकं, पुढचा ट्रक सगळं आलं. अंधार पडायच्या आत हॉटेलवर, हा त्याचा एकच नियम होता, कारण रात्री डोंगरात कुत्री, गुरं आणि बिनलाइटच्या गाड्या रस्त्यावर असतात. आपल्याला हे काही नवीन नाही म्हणा, पण आपल्या घाटात पुढच्या वळणावर काय असेल याचा अंदाज असतो, तिकडे नसतो.

मग त्याने जो रूट दिला तो असा. पहिली पाकळी (म्हणजे चियांग मायहून निघून परत तिथेच येणारी फेरी) पश्चिमेकडे: चियांग मायहून १०७ नंबरने मे मालाईपर्यंत, तिथून डावीकडे १०९५, पाई, मग पांग मफाला थाम लॉडची गुहा, पुढे मे हाँग सॉन, तिथून १०८ ने खाली खुन युआम. खुन युआमला बहुतेक लोक सरळ मे सारियांगकडे जातात, तो रस्तापण मस्त आहे, पण त्याने आम्हाला १२६३ वर वळवलं, मे चेमकडे, आणि मग वर डोई इंथानॉन. नोव्हेंबरमध्ये या १२६३ च्या बाजूला डोई मे ऊ खो नावाचा डोंगर जंगली सूर्यफुलांनी अख्खा पिवळा होतो, आम्हाला शेवटची फुलं मिळाली. ट्रॅफिक जवळजवळ नाहीच. डोई इंथानॉन २५६५ मीटर, थायलंडमधलं सगळ्यात उंच, आणि थायलंड म्हणजे गरम असं समजून नुसत्या जाळीच्या जॅकेटवर जाणाऱ्यांनी नीट ऐका, थंडीत पहाटे वर कधीकधी गवतावर दव गोठतं. आतून घालायला थर्मल आणि बोटं झाकणारे ग्लोव्ह्ज न्याच.

दुसरी पाकळी पूर्वेकडे, आणि माझ्या मते खरी मजा इथे. फांगवरून था टोन, मे सालोंगचे चहाचे मळे, मग मेकाँगच्या कडेने चियांग खाँग, पलीकडे लाओस दिसत राहतं. तिथून ११५५ ने फू ची फाचा कडा, मग चियांग खाम आणि ११४८. हा ११४८ नंबर लिहून ठेवा. मे हाँग सॉनचं नाव मोठं आहे पण १०९५ वर पाईपर्यंत मिनीव्हॅनची रांग असते आणि वळणं इतकी घट्ट की गाडी दुसरी-तिसरीच्या वर जात नाही. ११४८ ला वळणं मोठी, गोल, डांबर घट्ट, समोरचं दिसतं, गाडी एका लयीत इकडून तिकडे झुकत राहते आणि तासभर कोणी भेटत नाही. मग पुआ, १२५६ ने डोई फू खा, बो क्लुआची मिठाची विहीर (समुद्र कुठल्या कुठे आणि इथे विहिरीच्या पाण्यातून मीठ काढतात), १०८१ ने नान. नानला वाट फूमिनची भिंतीवरची चित्रं बघा, तासभर पुरे. परत येताना फ्रे, लांपांग आणि ११ नंबरचा हायवे, तो बोअर आहे पण चौपदरी आहे, घरी येण्यापुरता ठीक.

वेळ कमी असेल तर दोन्हीपैकी एकच करा आणि पूर्वेची करा, असं मी सांगेन. तो दुकानदार स्वतः उलटं म्हणतो, नवख्याने पश्चिमेचीच करावी कारण तिथे दर थोड्या अंतरावर हॉटेल, मेकॅनिक आणि इंग्लिश समजणारं कोणीतरी असतं. बरोबर असेल त्याचं. पाईमध्ये संध्याकाळी फिरलात तर गुडघ्याला-कोपराला बँडेज बांधलेले टुरिस्ट दर दहा पावलांवर दिसतात, सगळे आयुष्यात पहिल्यांदा स्कूटर हातात घेतलेले, ते बघून नवख्या या शब्दाचा अर्थ कळतो.

गाड्यांबद्दल. मी होंडा सीबी ५०० एक्स घेतली, १३०० बाथ दिवसाला, आठवड्याच्या वर घेतली तर कमी होतं. ४७१ सीसी, दोन सिलिंडर, वजन दोनशे किलोच्या जवळ, टाकी साडेसतरा लिटरच्या आसपास, म्हणजे चारशे किलोमीटरची तरी काळजी नाही. सीट ८३० मिलिमीटर, साडेपाच फुटाच्या माणसालापण जमते. मित्राने सीआरएफ ३०० एल घेतली कारण त्याला कच्चे रस्ते करायचे होते, ती हलकी, उंच आणि खूप मजेशीर, पण सीट ८८० आणि टाकी फक्त ७.८ लिटर. दोनशे किलोमीटरच्या पुढे तो पंपच शोधत बसायचा, त्यामुळे पूर्ण ग्रुपचा पेट्रोलचा प्लॅन त्याच्या टाकीवर ठरायचा. ग्रुपने जाताना हे लक्षात ठेवा, सगळ्यात छोट्या टाकीवाल्याचं मायलेज हेच ग्रुपचं मायलेज. नुसता मे हाँग सॉन लूप करायचा आणि एकटेच असाल तर १५० ची स्कूटरपण पुरते, तिकडचे लोक त्यावरच जातात. डबलसीट आणि सामान असेल तर मोठीच घ्या.

पेट्रोल म्हणजे तिकडे गॅसोहोल (इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल), ९५ किंवा ९१, ई२० पण चालतं, ई८५ मात्र घालू देऊ नका. पंपावर माणूस भरून देतो, "तेम थांग" म्हणायचं की टाकी फुल. पीटीटीच्या मोठ्या पंपावर कॅफे अ‍ॅमेझॉन आणि सेव्हन इलेव्हन असतं, स्वच्छ टॉयलेट असतं, आमचे सगळे ब्रेक तिथेच झाले. डोंगरात पंप कमी होतात तेव्हा दुकानांसमोर बाटल्यांमध्ये पेट्रोल ठेवलेलं दिसतं, महाग पडतं पण अडल्यावर भाव बघायचा नसतो.

आता कापलेला स्टार. पहिलं, हेल्मेट. भाड्यात फुकट मिळतात ती हेल्मेटं भंगार आहेत, काच ओरखडलेली, आतलं फोम बसलेलं, पट्टा सैल. गाड्या एवढ्या नीट ठेवणाऱ्या दुकानाने हेल्मेटात कंजूसपणा करावा हे मला पटलंच नाही. स्वतःचं न्या, बॅगेत जागा खाल्ली तरी चालेल. जॅकेट आणि नी गार्ड भाड्याने होते पण आपल्या मापाचे मिळतील याची खात्री नाही.

दुसरी तक्रार जास्त सिरियस. करारात लिहिलंय की गाडी बंद पडली तर दुकान मदत करेल. मदत म्हणजे काय, तर ते कुठेच नाही. बो क्लुआच्या अलीकडे मित्राच्या सीआरएफचं मागचं टायर पंक्चर झालं, ट्यूबचं टायर, आमच्याकडे प्लगचं किट होतं पण ते माझ्या ट्यूबलेसला चालतं, ट्यूबला नाही. दुकानाला फोन केला, उचलला लगेच, नवऱ्याने वीस मिनिटात जवळच्या गावातल्या टायरवाल्याचं लोकेशन लाइनवर पाठवलं आणि त्याच्याशी थाईत बोलूनपण ठेवलं, इथपर्यंत एक नंबर. पण तो टायरवाला नसता तर पिकअप पाठवायला किती घेणार असं विचारलं तेव्हा उत्तर आलं की अंतरावर अवलंबून, आणि आकडा काही केल्या सांगेनात. नान ते चियांग माय तीनशे किलोमीटरच्या वर आहे, तो आकडा निघायच्या आधी कागदावर पाहिजे. तुम्ही कुठूनही गाडी घ्या, सही करायच्या आधी हे विचारा: पिकअप कुणाच्या खर्चाने, किलोमीटरला किती, आणि गाडी त्यांच्या चुकीने बंद पडली तर उरलेल्या दिवसांचं भाडं परत मिळणार का. ओरखडे, आरसा, लिव्हर यांची रेट लिस्टपण मागून घ्या, ती मात्र या दुकानात छापील होती आणि भाव वाजवी होते.

करारातली आणखी एक ओळ, गाडी थायलंडच्या बाहेर न्यायची नाही. चियांग खाँगला पूल समोर दिसतो आणि मोह होतो, पण गाडीचं मूळ मालकी पुस्तक, ज्याला ते ग्रीन बुक म्हणतात, ते दुकानाकडे असतं आणि त्याशिवाय काही होत नाही.

तारखांचं बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सुरुवात हाच काळ, त्यानंतर शेतं आणि जंगलं जाळायचा सीझन सुरू होतो, मार्चमध्ये चियांग मायची हवा जगातल्या सगळ्यात खराब शहरांच्या यादीत वर असते, डोंगर दिसतच नाहीत आणि डोळे चुरचुरतात. स्वस्त तिकीट मिळतंय म्हणून मार्चमध्ये जाऊ नका. एप्रिलच्या १३ ते १५ ला सोंगक्रान म्हणजे थाई नववर्ष, चालत्या बाइकवर बादलीने पाणी मारतात, तो सण पायी साजरा करायचा आहे. जुलै ते ऑक्टोबर पाऊस, हिरवंगार असतं, पण वळणावर माती वाहून आलेली असते.

इमिग्रेशनसाठी १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या दिवशीच दूतावासाच्या साइटवर बघा. फोनमध्ये दोन नंबर सेव्ह करा, टुरिस्ट पोलीस ११५५ आणि अ‍ॅम्ब्युलन्स १६६९. ११५५ लक्षात ठेवायला सोपा आहे, तुम्ही फू ची फाला जाता तो रस्तापण ११५५ च.

गाडी परत देताना त्यांनी निघतानाचा व्हिडिओ उघडला, आम्हीपण आमचा उघडला, दोन्ही बाजूने पाच मिनिटं बघितलं. माझ्या गाडीच्या हँडगार्डवर एक नवीन ओरखडा होता, रेट लिस्टप्रमाणे तीनशे बाथ कापले, बाकी डिपॉझिट त्याच नोटांमध्ये परत. मित्राच्या ट्यूबचे पैसे मात्र मागितले नाहीत, टायर मुळातच घासलेलं होतं हे नवऱ्याने स्वतः मान्य केलं. मी त्याला पिकअपच्या रेटचं आणि हेल्मेटचं तोंडावर सांगितलं, बाईंनी वहीत लिहून घेतलं, करतील तेव्हा खरं. सीबी त्यांच्याकडे दोनच आहेत आणि डिसेंबर-जानेवारीत त्या महिनाभर आधी जातात, त्यामुळे जायचं असेल तर विमानाच्या तिकिटाआधी गाडीची तारीख पक्की करा.